विमा बंद, अबोला चालू

आमच्या ताईला गावात ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही. तोंडावर म्हणणाऱ्याचं काय होतं, ते मी तिची धाकटी बहीण म्हणून जन्मापासून भोगते आहे. ताई गाडी चालवायला शिकवते. बावीस वर्षं ती एकाच जागी बसली आहे, शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर, आणि तिच्या उजव्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण थांबवली. ताई त्याला तसं वाटू देते. तेवढीच काय ती उघड माया, बाकी सगळं काटेरी कुंपण.

गाडी एकच. फिकट पिवळी, तेरा वर्षांची, छोटी. ऑफिसही एकाच खोलीचं. पूर्वी तिथे चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे भिंतींवर अजून तीन मोठे आरसे आहेत, आणि नाव नोंदवायला आलेला माणूस आधी स्वतःच्या चेहऱ्यावरची भीती तीन बाजूंनी बघून घेतो. टेबलाशी मी बसते. नोंदणी, वेळापत्रक, फोन आणि रडणाऱ्यांना पाणी देणं, ही माझी खाती. रडणारे आठवड्याला दोन तरी असतात.

ताईचं शिकवणं म्हणजे चार शब्द. आरसा, क्लच, हळू आणि परत. त्याखेरीज ती पहिल्या दिवशी एकदाच बोलते: "मी तुम्हाला गाडी शिकवत नाही. गाडीला तुमच्यापासून वाचवते. त्यात तुम्ही शिकलात तर तुमचं नशीब." आणि एक नियम. गाडीत गाडीबाहेरचं बोलायचं नाही. मग घरात आग का लागलेली असेना.

पण म्हणून ती वाईट आहे का? अजिबात नाही. लायब्ररीतल्या बाई परीक्षेत पाच वेळा नापास झाल्या तेव्हा ताई त्यांना महिनाभर पहाटे फुकट घेऊन जात होती. विचारलं तर म्हणायची, "गाडीला जरा हवा खायला नेते, त्या बाई आपल्या बसतात शेजारी." चांगुलपणा करताना पकडली जाऊ नये म्हणून ही बाई जेवढी धडपडते तेवढी चोरसुद्धा करत नसेल.

आता आमच्या भांडणाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय विम्याचं कळणार नाही. पलीकडच्या रस्त्यावर एक नवा क्लास निघाला. त्यांच्या पाटीवर फुगे काढले होते आणि आत शिरलं की गार सरबत देत. आमची दोन गिऱ्हाइकं तिकडे वळली. मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. म्हणून ताई रस्त्यावर असताना मी रंगाऱ्याला बोलावलं आणि आमच्या पाटीखाली एक ओळ लिहून घेतली: 'येथे प्रेमाने शिकवले जाते.'

ताई आली, पाटी वाचली आणि चौघांच्या देखत म्हणाली, "प्रेमाने शिकायचं असेल त्यांनी घरी शिकावं. इथे ब्रेकने शिकवतात." मग आतून उरलेला काळा रंग आणला, स्टुलावर चढली आणि ती ओळ स्वतःच्या हाताने पुसून टाकली. पुसता पुसता फोन नंबरातले शेवटचे दोन आकडेही गेले. मी म्हटलं, "आता गिऱ्हाइकांनी मनातल्या मनात फोन करायचा का?" तर स्टुलावरूनच म्हणाली, "दिवसभर खुर्चीत बसून तुला रस्त्यावरचं काय कळतंय?"

झालं. बोलणं बंद.

आमच्या घराण्यात अबोला विद्येसारखा उतरतो. आमची एक आत्या नणंदेशी सात वर्षं बोलली नाही, आणि नणंद गेल्यावर "आता कोणाशी नाही बोलू?" म्हणून हमसून हमसून रडली. आम्ही तिच्याच भाच्या. घर एकच आहे, वर ताई राहते, खाली मी आणि आमचे हे. हे पाणीपुरवठ्यात नोकरीला आहेत, स्वभावाने शांत, त्यामुळे घरातली टपालखात्याची नोकरीही त्यांच्याच गळ्यात पडली. जिन्याच्या मधल्या पायरीवर त्यांना उभं राहावं लागे. मी खालून म्हणायची, "ताईंना सांगा, वरचा दिवा जळतोय." ताई वरून म्हणायची, "हिला सांगा, मी खोलीत आहे म्हणून जळतोय." आम्हाला एकमेकींचा शब्द न् शब्द ऐकू येत असे. पण ह्यांनी मध्ये उभं राहून पुन्हा सांगितल्याशिवाय आम्ही तो ऐकला असं धरत नव्हतो. महिन्याभरात ह्यांचे गुडघे दुखायला लागले.

घरचे निरोप ह्यांच्या हाती आणि क्लासचे निरोप शिकणाऱ्यांच्या हाती, अशी मी वाटणी केली होती. मी शिस्तीची बाई आहे. घरात ऑफिस आणत नाही.

तर विमा. गाडीच्या विम्याचा हप्ता दर महिन्याला ताईच्या बँकेतून आपोआप जायचा. मध्ये तिच्या बँकेची शाखा दुसऱ्या शाखेत गेली आणि खात्याचा नंबर बदलला. ताईने नवा नंबर सगळीकडे दिला, विमा कंपनीला द्यायचा विसरली. कंपनी आपली जुन्या दारावर टकटक करत राहिली. मग क्लासच्या फोनवर, म्हणजे माझ्याकडे, मेसेज आला की हप्ता जमा झालेला नाही.

मी तो लपवला का? नाही. तेव्हा माझ्यासमोर दातांचे डॉक्टर बसले होते. त्यांचा गाडीतला दुसरा दिवस. मी स्वच्छ सांगितलं, "बाईंना सांगा, विम्याचा हप्ता बँकेतून गेलेला नाही." त्यांनी मान डोलावली. हा माणूस लोकांच्या जबड्यात मशीन घालताना तसूभर हलत नाही, पण गाडीत बसला की त्याचीच दातखीळ बसते. ताई म्हणाली, "आरसा!" आणि आमचा निरोप डॉक्टरांच्या डोक्यातून जो पडला तो पडलाच.

पुढच्या महिन्यात दुसरा मेसेज. तो मी लायब्ररीतल्या बाईंकडे दिला, कारण त्या विसरणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी तोंड उघडलंही. पण उघडलं ते नेमकं मोठ्या चौकात. "बाई, तुमचा विमा..." एवढ्यावर ताई कडाडली, "गाडीत गाडीबाहेरचं बोलायचं नाही! समोर बघा!" ज्या बाईने उभं आयुष्य लोकांना गप्प बसवण्यात घालवलं, तिला गप्प बसा म्हटलेलं बरोबर कळतं. त्या गप्प बसल्या.

तिसरा मेसेज विमा बंद झाल्याचा होता. तो मी बेकरीवाल्याकडे दिला. त्याने त्या दिवशी गाडी मागे घेताना ऑफिसची पायरी जवळजवळ चाटली. ताईने सगळ्यांसमोर त्याची गाढवाशी तुलना केली, त्यात गाढव वरचढ ठरलं, आणि तो तडक निघून फुग्यांच्या क्लासात गेला. आमचा निरोप त्याच्या खिशातून परस्पर तिकडेच गेला.

आणि मी काय करत होते? दर वेळी वहीत तारीख घालून लिहीत होते, 'निरोप दिला.' म्हणजे उद्या काही वेडंवाकडं झालं तर बोट माझ्याकडे यायला नको. पोचला का, हे विचारायला मला तिच्याशी बोलावं लागलं असतं, आणि मी आधी का बोलू? गाडीचा विमा बंद पडला होता आणि मी बसून स्वतःचा विमा उतरवत होते. आज लिहितानाही लाज वाटते.

चार महिने असे गेले. एका मंगळवारी दुपारी दातांचे डॉक्टर परीक्षा पास झाले. केकचा डबा घेऊन ऑफिसात आले, नुसते उड्या मारायचे बाकी होते. ताई तेव्हा डबा खायला आत आली होती आणि माझ्याकडे पाठ करून बसली होती. डॉक्टर हसले, खुर्चीत बसले, भीतीचं ओझं उतरलं, आणि एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे हो! बाई, तुमच्या बहिणीने तुम्हाला एक निरोप सांगायला सांगितला होता. विम्याचा हप्ता बँकेतून गेलेला नाही."

"कधी सांगितला होता?" ताईने विचारलं.

"माझ्या दुसऱ्या दिवशी."

"अहो, आज तुम्ही पास झालात!"

"म्हणूनच आठवलं," डॉक्टर म्हणाले. खरंच होतं ते. चार महिन्यांत त्या माणसाच्या डोक्यात आज पहिल्यांदा जागा झाली होती.

ताई वळली. चार महिन्यांनी माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "धाकटे, विमा बंद आहे?"

मी या क्षणाची किती तयारी केली होती! ती आधी बोलेल, मग मी कसं तोडून उत्तर देईन, याची वाक्यं पाठ होती. तोंडातून फक्त "हो" आलं.

ताई उठून बाहेर गेली. पुढचा शिकाऊ पट्टा बांधून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तयार बसला होता. "उतरा," ताई म्हणाली. तो बिचारा घाबरला, "बाई, माझं काय चुकलं?" "तुमचं नाही. आज पहिल्यांदाच तुमचं नाही." तिने हँडब्रेक पुन्हा ओढून बघितला, चारही चाकांना दगड लावले आणि किल्ली ब्लाउजात खोचली. "विमा चालू होईपर्यंत हे चाक फिरणार नाही. चल."

आम्ही बसने विमा ऑफिसात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, कामाला चटपटीत. तिने नंबर टाकला आणि म्हणाली, "बंद होऊन आज सत्तावन्न दिवस झाले. आम्ही तीनदा कळवलं होतं. साठ दिवसांच्या आत पुन्हा चालू केला तर कंपनी तो अखंड धरते. शुक्रवारी बारापर्यंत वेळ आहे. नाहीतर नवा घ्या, काय फरक पडतो?"

फरक किती पडतो ते तिला माहीत नव्हतं. सरकारी नियमाने शिकवण्याची गाडी बारा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. आमची तेराची झाली तरी चालत होती ती एकाच अटीवर, की तिचा विमा मध्ये कधी तुटलेला नसावा. एकदा तुटला की ती साधी गाडी. मग जादा ब्रेक काढायचा आणि पाटी उतरवायची. नवी गाडी आम्ही आजवर फक्त शोरूमच्या काचेतून पाहिलेली. म्हणजे शुक्रवारी बारा वाजता क्लास तरी राहणार होता किंवा बावीस वर्षांचा कारभार आटोपणार होता. ताईने हे त्या मुलीला दोन वाक्यांत सांगितलं.

थकलेले हप्ते तिथल्या तिथे भरले. राहिली गाडीची तपासणी आणि एक फॉर्म. फॉर्मवर छापलेलं होतं, 'विमा बंद असलेल्या काळात वाहन रस्त्यावर आणलेले नाही.' खाली सहीची रेघ.

"इथे सही करा," मुलगी म्हणाली. "सगळे करतात."

मी तर पेनाचं टोपणही काढलं होतं. खरं सांगते, मी डोळे मिटून सही ठोकली असती. ताईने पेन घेतलं आणि म्हणाली, "पण गाडी रोज आणली आहे."

"अहो, ते नुसतं लिहायला असतं."

"मग खरं लिहिते. लिहायला तेवढीच शाई लागते." तिने छापील ओळीवर काट मारली आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं: 'रोज सहा तास रस्त्यावर होती. नऊ शिकाऊ माणसांनी चालवली. कोणालाही, कशालाही धक्का लागलेला नाही.'

मी तिच्या कोपराला चिमटा काढला. पण पालथ्या घड्यावर पाणी. ताईने फॉर्म माझ्याकडे सरकवला. पुढचा रकाना होता, 'हप्ता चुकण्याचे कारण.' "हे तुझं खातं," ती म्हणाली. मी लिहिलं, 'बँकेतील खात्याचा नंबर बदलला.' ताईने वाचलं. "आणि तीन वेळा कळवलं होतं, तेव्हा?" मग मी खाली लिहिलं, 'आम्ही दोघी बहिणी बोलत नव्हतो.'

मुलगी फॉर्म घेऊन आत गेली. आतून आधी काही ऐकू आलं नाही, मग कोणीतरी मोठ्याने हसलं. ती परत आली तेव्हा ओठ घट्ट मिटून घेतलेले. म्हणाली, "तपासनीस म्हणतात, असा फॉर्म त्यांनी जन्मात पाहिला नाही. गाडी चालवली हे तुम्हीच लिहून दिलंय, तेव्हा नुसत्या सहीवर भागणार नाही. नऊच्या नऊ जणांकडून लिहून आणा की काही अपघात झाला नाही. एकही कमी चालणार नाही. आणि गाडी शुक्रवारी सकाळी तपासणीच्या आवारात हजर पाहिजे."

परतीच्या बसमध्ये मी ताईवर तुटून पडले. कशाला एवढा हरिश्चंद्राचा अवतार घ्यायचा? एक सही केली असती तर कोणाच्या बापाचं काय जात होतं? ताई म्हणाली, "आणि उद्या कोणी खोटं बोलून परीक्षा पास व्हायला बघेल, त्याला मी कुठल्या तोंडाने परत पाठवू?" मी म्हटलं, निरोप दिल्याच्या तारखा माझ्या वहीत आहेत. मग ती म्हणाली, "तू निरोप वहीत लिहीत बसलीस, त्यापेक्षा जिन्यावरून ओरडली का नाहीस?" मी म्हटलं, "आणि तू बँकेचा नंबर बदललास तो?" तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. चार महिन्यांचं साचलेलं, शेजारणीच्या मुलीचं लग्न मोडलं ते, ह्यांचे गुडघे, नव्या क्लासच्या सरबतात पाणीच जास्त असतं ते. आमचा स्टॉप गेला, पुढचा गेला, शेवटी कंडक्टरने येऊन उतरवलं. मला इतका आनंद झाला होता की क्लास बुडायला निघालाय हे मधूनमधून आठवावं लागत होतं.

बुधवारी सकाळी आम्ही पायी निघालो. डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात आरसा तसाच ठेवून सही केली आणि वर दहा वेळा माफी मागितली. पेशंटलाही काहीतरी म्हणायचं होतं. लायब्ररीतल्या बाईंनी दोन पानं लिहून दिली, प्रत्येक दिवसाची तारीख, कुठल्या चौकात ब्रेक लागला, कोणी लावला, सगळं. शिवणकाम करणारी, दोन कॉलेजातल्या मुली, मोजे विकणारा, पोस्टातला, निवृत्त बँडवाला, सगळ्यांनी लिहून दिलं. गुरुवारी दुपारपर्यंत आठ कागद झाले. नववा बेकरीवाल्याचा. विमा बंद पडला त्याच दिवशी त्याने आमची गाडी शेवटची चालवली होती.

बेकरीच्या दारात ताई थबकली. "तू जा," मला म्हणाली.

"मी कशाला? गाढव मी म्हटलं होतं का?"

आत भट्टीची धग होती. बेकरीवाला पाव काढत होता. आम्हाला बघून त्याने मुद्दाम पाठ फिरवली. ताईने आयुष्यात कोणाची माफी मागितलेली नाही. आईचीसुद्धा नाही. ती उभी राहिली, घसा खाकरला, पदर सारखा केला, पुन्हा घसा खाकरला. मला तिची दया आली, पण मध्ये पडले नाही.

"तुम्हाला गाडी मागे घेता येत नाही, हे खरं आहे," ती म्हणाली. बेकरीवाला ताडकन वळला. "पण गाढव म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

मग त्याच्या मिशा हलायला लागल्या. "बाई, तिकडे फार गोड बोलतात हो," तो म्हणाला. "दोन महिने सरबत पितोय. वजन वाढलं. गाडी अजून मागे येत नाही." त्याने हात झटकले, कागद घेतला, लिहिलं आणि सही केली. कागदावर पिठाचा अंगठा उठला तो वेगळाच. "क्लास राहिला तर मला परत घ्याल?" ताई म्हणाली, "राहिला तर उद्या साडेचारला या. आणि आरसा बघायचा." येताना त्याने आम्हाला गरम पाव दिले. आम्ही दोघींनी ते रस्त्यातच, उभ्याउभ्या, लहान मुलींसारखे संपवले.

शुक्रवारी गाडी न्यायची कशी, हा प्रश्न होता. चाक रस्त्याला लावायचं नाही म्हणजे नाही. मी ताईच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता बंद पडलेल्या गाड्या उचलून नेणारा क्रेनचा ट्रक चालवतो. तो सकाळी नऊला हजर झाला, पिवळी गाडी अलगद उचलून पाठीवर घेतली. आम्ही त्याच्या केबिनमध्ये बसलो. पहिल्याच वळणावर ताई ओरडली, "आरसा!"

"बाई, मी पंधरा वर्षं ट्रक चालवतोय."

"मग पंधरा वर्षं आरसा न बघता चालवतोयस. वळव!" तिचा उजवा पाय केबिनच्या तळाशी सारखा काहीतरी दाबत होता. तिथे काहीच नव्हतं.

तपासनीस म्हणजे एक वाळलेला, चष्मेवाला माणूस, हातात टॉर्च. नऊ कागद त्यांनी उभ्याने वाचले. पिठाचा अंगठा नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग गाडीभोवती फिरले. बंपरवरून बोटं फिरवली, दारांच्या कडा बघितल्या, आडवे होऊन खाली बघितलं. उठले आणि ताईला म्हणाले, "रंग कधी मारलात?"

"कसला रंग?"

"बाई, नऊ शिकाऊ, सत्तावन्न दिवस, आणि अंगावर एक ओरखडा नाही? ठोकल्यावर रंगवून आणली असणार. हे मी रोज बघतो."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ताई लाल झाली. मला वाटलं, आता ही या माणसाचाही प्राणी करणार आणि सगळ्यावर पाणी पडणार. पण तिने ओठ मिटले आणि एवढंच म्हणाली, "तपासा."

त्यांनी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणलं आणि पत्र्याला जागोजाग टेकवत सुटले. दार, दुसरं दार, डिकी, पुढचा पत्रा. दर वेळी आकडा बघायचे आणि भुवई वर जायची. रंग सगळीकडे एकसारखा होता, कारखान्यातून आला तसा. तरी त्यांचं समाधान होईना. ते शिकाऊ माणसाच्या सीटवर बसले, खाली वाकून टॉर्च मारला. तिथल्या ब्रेकचं रबर कोरं करकरीत, त्यावरच्या रेघासुद्धा शाबूत. मग उतरून पलीकडे गेले, ताईच्या सीटवर बसले, पुन्हा टॉर्च मारला, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

मी वाकून बघितलं. ताईच्या ब्रेकचं रबर मधोमध झिजून गेलं होतं आणि आतलं लोखंड रुपयासारखं चकाकत होतं. टाच टेकते तिथे खालच्या मॅटला भोक पडलं होतं.

"हे रबर कधी बदललं होतं?" त्यांनी विचारलं.

"मीच आणलं होतं," मी म्हटलं. "आठ महिन्यांपूर्वी."

ते ताईकडे वळले. "रोज सहा तास?" ताईने मान हलवली. "पाय दुखत नाही?" "दुखतो," ताई म्हणाली. मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. मी वहीतल्या नोंदींनी स्वतःला राखत बसले होते त्या सत्तावन्न दिवसांत नऊ माणसं, त्यांच्या वाटेत आलेली पोरंबाळं, सायकली, कुत्री, सगळ्यांचा विमा आमच्या ताईची टाच होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तपासनिसांनी कागदावर लिहिलं, 'वाहन सुस्थितीत. अपघाताची कोणतीही खूण नाही. विमा अखंड धरावा.' शिक्का मारला. आणि वर म्हणाले, "रबर मात्र आजच बदला." आवाराच्या फाटकापाशी दातांचे डॉक्टर आणि लायब्ररीतल्या बाई कधीच्या येऊन उभ्या होत्या. शिक्क्याचा आवाज ऐकून डॉक्टरांनी शिट्टी मारली. लायब्ररीतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, तेही आवाज करून.

बाराला वीस मिनिटं असताना आम्ही काउंटरवर पोचलो. मुलीने खटाखट बटणं दाबली आणि मशीनमधून कागद बाहेर आला. विमा चालू. ताईने तो दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत वाचला.

"आता बँकेचा नवा नंबर टाकलाय," मुलगी म्हणाली. "पण पुढे काही सूचना असली तर कोणाला कळवू? इथे मालक म्हणून तुम्ही आणि नुसता संपर्क म्हणून यांचा फोन आहे."

"ताईचाच टाका," मी घाईने म्हटलं. मी कानाला खडा लावला होता.

"माझा फोन गाडीत बंद असतो," ताई म्हणाली. मग तिने विचारलं, "मालक दोन चालतात का?"

"चालतात. पण मग चुकलं तर जाब दोघींना."

"तेच पाहिजे. निरोप्याला निरोप सांगून मोकळं होता येतं. मालकाला येत नाही." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "हिचं नाव माझ्याबरोबर घाला."

मुलीने एक फॉर्म दिला. मी सही केली. इतकी वाईट सही मी आयुष्यात केली नसेल, रेघ कुठे आहे तेच दिसेना. नाक पुसत मी म्हटलं, "म्हणजे यापुढे काही चुकलं की तुझी बोलणी मलाही?"

"अर्धी," ताई म्हणाली. "पण रोज."